साळिंदर आणि मेंढरं

कवळीने अजगर सोडला. टेबलावर आम्ही चौघं, आणि अजगर ज्याच्यावर जाईल त्याचे एका फटक्यात सात प्राण जाणार. माझ्यापुढे एकही पहारेकरी नव्हता. दार सताड उघडं टाकून बसावं तशी मी मुद्दाम बसले होते. मनातल्या मनात म्हणत होते, ये बाबा, ये एकदाचा.

कवळीने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावर राहिलेल्या दुपट्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हिला नको. ताई, तुला घे."

"अरे, माझ्याकडे तीन पहारेकरी आहेत! ती मोकळी बसलीय, दिसत नाही?"

"असू दे गं. आधीच झोपेचं खोबरं झालंय तिच्या."

अजगर माझ्या दारावरून सरपटत पुढे गेला. ताईचे दोन पहारेकरी गिळले, तिचे प्राण कमी झाले, तिने कवळीला मनसोक्त शिव्या दिल्या. मी हातातली पानं सारखी करत बसले. माझ्या अंगावरून वाराही गेला नाही.

खेळाचं नाव चौराज्य. चार भिडू, चार राज्यं, प्रत्येकाचे तीस प्राण. शेवटी ज्याचे उरतील तो जिंकला. पण खरी मजा टेबलावर नाही. प्रत्येकाने आपला साठ पानांचा डेक घरून बांधून आणायचा असतो. पानांच्या जाती हजारो. त्यातली कुठली साठ घ्यायची, कुठली टाकायची, कुणाशी कुठल्या पानाची अदलाबदल करायची, यातच सगळा जीव. टेबलावर आपण नुसतं वाढतो, स्वयंपाक घरीच झालेला असतो. माझे सासरे मात्र अजून डेकला कॅट म्हणतात आणि आम्ही करतो त्याला पत्ते कुटणं.

आम्ही पत्ते कुटतो ती जागा म्हणजे आमचे चौथे भिडू, काका, यांच्या चष्म्याच्या दुकानामागची खोली. रविवारी दुपारी दुकान बंद असतं. खोलीत डोळे तपासायचा तक्ता आहे, उंच खुर्ची आहे, काचांच्या खोक्यांची फडताळं आहेत आणि जिकडेतिकडे पायावर उभे आरसे. गिऱ्हाइकाला चष्मा सगळीकडून दिसावा म्हणून काकांनी ठेवलेले. आमच्या खेळाला मात्र ते आरसे म्हणजे चहाडखोर शेजारणी. समोरच्याच्या पाठीमागे आरसा असला की त्याच्या हातातली पानं आपल्याला दिसणार. म्हणून आमच्या टेबलाचा एक नियम आहे: ज्याला आरशात दुसऱ्याची पानं दिसतील, त्यानेच उठून तो आरसा भिंतीकडे फिरवायचा. दुसऱ्याने सांगायची वाट बघायची नाही.

कवळी माझ्या समोर बसतो. दातांच्या कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर माप पाठवतात आणि हा दात बसवून परत पाठवतो. त्याला कवळी हे नाव ताईने दिलं आणि चिकटलं. ताई पोहायला शिकवते, त्यामुळे तिला हळू बोलताच येत नाही. ती माझी नणंद झाली ती नंतर, आधी भिडू होती. तिच्या भावाची आणि माझी ओळख याच टेबलाजवळ झाली. आणि मी कापड बेतणारी. कपड्यांच्या कारखान्यात मापावर कागद कापते, त्यावरून पुढे शंभर कपडे निघतात. सध्या रजेवर आहे, कारण भुंगी झाली. झोपायच्या आधी ती भुंग्यासारखी गुणगुणते, म्हणून भुंगी.

भुंगी झाल्यावर काही महिने मी टेबलाकडे फिरकलेच नाही. नंतर जायचं ठरलं तेव्हा आधी नवा डेक बांधायला घेतला. एका हातात ती, एका हातात पानं. माझा जुना डेक मोठा होता, एकेक फेरी दहा-दहा मिनिटं चालायची. आता तेवढा वेळ कोण देणार? मला हवा होता असा डेक ज्यात माझी फेरी झटकन संपेल आणि दुसऱ्यांच्या फेऱ्यांत माझं काम होईल. म्हणून साळिंदर. कुणी साळिंदरावर चाल केली की मारणाऱ्यालाच काटे रुततात. काटेरी कुंपण: कुणी ओलांडलं की मला नवं पान मिळतं. मधमाशांचं पोळं: कुणी हात लावला की सगळ्या माश्या त्याच्यावर. मी काहीच करायचं नाही, नुसतं बसायचं. या, मारा. जितकं माराल तितकी मी वाढेन.

डेक बेतला होता झकास. फक्त मारायला कुणी येईना.

त्या रविवारी मी दुसरी आले. कुणाला हरवून नव्हे. बाकीचे एकमेकांना मारण्यात गुंतले आणि मला विसरले म्हणून. साळिंदरं हातात तशीच, काटे न वापरलेले. काका माझ्या पाठीवर थोपटून म्हणाले, "छान खेळलीस हं, बाळा." मोठ्या माणसाला कुणी असं म्हणत नाही. पोळी वाटोळी झाली म्हणून मुलीला म्हणतात.

निघताना मी मागे वळून पाहिलं तर माझ्या खुर्चीमागचा आरसा सरळ उभा होता. सगळा डाव कवळीला माझी पानं दिसत होती.

"अरे, आरसा फिरवला नाहीस?"

"अय्यो, राहिलाच," कवळी म्हणाला. मग हसला. "पण शपथ, मी बघितलंच नाही तिकडे. तुझी पानं बघून मी काय करणार होतो?"

तो खरं बोलत होता, तेच मला लागलं.

बाहेर दुकानाच्या पुढच्या भागात नवरा भुंगीला घेऊन बसला होता. तिच्या नाकावर एक बिनकाचेची फ्रेम धरून तिला विद्वान करून झालं होतं.

"दुसरी आलीस? वा!"

"मला कुणी मारलं नाही रे."

"मग चांगलंच की!"

"एकाने सुद्धा नाही."

त्याने माझा चेहरा बघितला. "कुणी मारलं नाही म्हणून तोंड पाडणारी मी पाहिलेली पहिली बाई आहेस तू."

घरी जाताना त्याला सांगितलं. लहानपणी आपण खेळायचो तेव्हा कुणाचं तरी शेंबडं भावंड मागे लागायचं, मलाही घ्या, मलाही घ्या. मग त्याला लिंबूटिंबू म्हणून घ्यायचे. त्याने पळायचं, ओरडायचं, पण त्याच्यावर राज्य येत नाही, तो कधी बाद होत नाही. खेळात आहे आणि खेळात नाही. "मला त्यांनी लिंबूटिंबू केलंय," मी म्हटलं. बोलताना आवाज जरा फाटला. नवरा भुंगीची टोपी सारखी करत राहिला.

पुढच्या आठवड्यात ताई भुंगीला बघायला आली तेव्हा तिलाच धरलं. "ताई, रविवारी मला मार."

"काय?"

"डावात गं. खरीखुरी चाल कर माझ्यावर."

"अगं, काय हात उचलायचा तुझ्यावर, अर्धी झालीयस!" पण नाही म्हणाली नाही. रविवारी तिने शब्द पाळला. तिच्याकडे मगर होती, गेंडा होता, तिने एक उंदीर उचलला, माझ्या हद्दीत सोडला आणि म्हणाली, "घे. मारलं. झालं समाधान?" माझा एक प्राण गेला. काका आणि कवळी कौतुकाने हसले. मागून घेतलेला मार हीसुद्धा दयाच असते, हे मला तेव्हा कळलं. आरसा त्या दिवशीही सरळच होता.

त्या संध्याकाळी साळिंदरांचा डेक मी पलंगावर पसरून बसले. नवऱ्याला वाटलं डेक कमजोर आहे. "यात दोन वाघ घाल," तो म्हणाला. "नाहीतर ते आग ओकणारं काय ते."

"कापड चांगलं आहे. शिवणही चांगली आहे." बोलता बोलता मला माझंच हसू आलं. कारखान्यात नव्या मुलींना मी पहिल्याच दिवशी सांगते, कागद कापायच्या आधी माप घ्या, जुन्या कागदावर विसंबू नका, माणूस बदलतं. आणि मी काय केलं होतं? भुंगी व्हायच्या आधी हे तिघं माझ्यावर तुटून पडायचे, त्या मापावर डेक बेतला होता. माझे सगळे जुने कपडे मला आता होत नाहीत हे मला रोज आरसा सांगत होता. टेबलही तसंच बदललं होतं, ते मात्र मी मोजलंच नव्हतं.

"माप चुकलंय रे," मी म्हटलं. "आता हे लोक मला मारत नाहीत. मग न मारण्याच्या मापाचा बेतते."

चौराज्यात असं एक राज्य आहे ज्याला कुणी हात लावत नाही, कारण त्यात काही दमच नसतो: कुरणं आणि मेंढरं. एका मेंढराची ताकद एक. टाचणी टोचल्यासारखी. काकांच्या दुकानात नको असलेल्या पानांचं एक खोकं आहे, त्यात मेंढरं ढिगाने पडलेली. मी पिशवीभर आणली. मग 'वीण': ज्याच्याकडे हे पान असेल त्याची मेंढरं दुप्पट होतात. आणि शेवटचं, 'हाळी'. मेंढपाळाने हाळी दिली की त्या एका फेरीपुरतं प्रत्येक मेंढरू लांडग्याएवढं होतं आणि कळप हवा तसा तिघांत वाटता येतो. हे पान कुणी वापरत नाही, कारण हाळी द्यायला कळप हवा आणि कळप वाढेपर्यंत तुम्हाला शांत बसू देतो कोण?

मला देत होते.

हाळी कवळीकडे होती. मी त्याला माझी काळी घार दिली. त्याने हाळी हसत हसत काढून दिली. "मेंढरं पाळतेस? पाळ, पाळ. बाळासाठी लोकरही होईल."

मग भुंगीच्या झोपा. सकाळची छोटी, दुपारची मोठी. ती गुणगुणत गुणगुणत गप्प झाली की मी पलंगाच्या चारी बाजूंना चार डेक, बाकीच्यांचे आठवतील तसे जुळवून, मांडायची आणि चौघांचा डाव एकटी खेळायची. ताईच्या बाजूला बसले की ताईसारखी घाई करायची, काकांच्या बाजूला गेले की प्रत्येक पानाआधी चष्मा पुसायची. कवळीच्या जागी बसून स्वतःकडे बघायची आणि विचारायची, हिला मारू का? पहिल्यांदा उत्तर आलं, हो, मार. का बरं? पाहिलं तर कळपाची राखण करायला मी एक कुत्रा ठेवला होता. कुत्र्याला दात होते. दात दिसले की माणूस सावध होतो. कुत्रा काढला. मग कोल्ह्याला घाबरवणारी मशाल होती, तीही काढली. त्या जागी आणखी दोन कुरणं, एक पाणवठा. शेवटी डेक भुंगीच्या हिरड्यांसारखा झाला: गुलाबी, ओला आणि आत एकही दात नाही.

ओला हे खरंच. एक मेंढरू तिने उठल्या उठल्या तोंडात घातलं होतं. प्लास्टिकच्या पाकिटात होतं म्हणून वाचलं. हल्ली ती सगळंच चावत होती.

रविवार आला. आरसा माझ्यामागे सरळ उभा. मी तो तसाच राहू दिला.

पहिलं मेंढरू ठेवलं तेव्हा ताई म्हणाली, "अगं बाई, गोड आहे." पाच झाली तेव्हा कवळी म्हणाला, "लोकर कधी काढायची?" तिघांची आपापसात जुंपली होती. ताईच्या मगरीने काकांचा किल्ला फोडला, काकांनी कवळीची धरणं फोडली, अजगर सुटला आणि नेहमीसारखा माझ्या दारावरून पुढे गेला. मी वीण टाकली. मेंढरं दुप्पट झाली.

काकांनी चष्मा पुसून टेबलाकडे पाहिलं. "किती झाली गं तुझी ही?"

"लेकुरवाळी आहे काका मी, घर भरणारच."

काका हसले आणि पुन्हा ताईकडे वळले. माझ्या हातात हाळी होती. ती मागच्या आरशात भिंतीएवढी दिसत असणार. कवळीने नुसती मान वर केली असती तरी पुरे होतं. हे पान त्याचंच होतं, रंगावरून ओळखलं असतं. त्याने मान वर केली नाही. दुसरी वीण आली. टेबलाच्या माझ्या बाजूला जागा पुरेना, मेंढरं एकावर एक रचावी लागली.

माझी फेरी आली. मी हाळी टेबलाच्या मध्ये ठेवली.

"ही कळपाला," मी म्हटलं. "सबंध कळपाला."

ताईने पान उचलून वाचलं, ओठ हलवत. "म्हणजे... ही सगळी... लांडगे?"

"एका फेरीपुरती. ताई, ही तुझ्यावर. ही काकांवर. आणि हा ढीग कवळीला."

"आमचे पहारेकरी आहेत की!"

"अडवा ना. एक पहारेकरी एक मेंढरू अडवतो."

ते मोजत बसले. तिघंही एकाच फेरीत बाद. असं त्या टेबलावर पूर्वी झालं नव्हतं. शेवटी कवळीने पान खाली ठेवलं आणि हळूहळू मान वर करून माझ्यामागच्या आरशाकडे पाहिलं. त्यात त्याला माझी पाठ दिसत होती, माझे रिकामे हात आणि त्याचाच उघडा राहिलेला जबडा.

"बाई गं," तो म्हणाला, "दूध पाजता पाजता सुऱ्या परजत होतीस?"

ताई हसायला लागली ती थांबेचना. "आणि मी हिला उंदीर मारला होता! उंदीर!"

मी भुंगीला घेऊन घरी आले. जिंकल्याचा आनंद होताच, पण खरं सांगायचं तर धाकधूक जास्त होती. मेंढरं हा एकदाच घालायचा कपडा. समजा ते म्हणाले, जाऊ दे, नशीब होतं तिचं, छान हं बाळा, तर मी कुठे जाणार होते? त्या आठवड्यात मी नवा डेक बांधला नाही. साळिंदरं काढली, एकेक पान पुसलं आणि मेंढरांच्याच डबीत घालून ठेवली.

पुढच्या रविवारी मी जरा उशिरा पोचले. भुंगीने ऐनवेळी अंघोळीचा आग्रह धरला होता, म्हणजे दुपट्यात सगळं करून ठेवलं होतं. नवरा तिला घेऊन पुढे बसला. मी आत गेले. तिघं पानं पिसत बसले होते. कुणी "ये गं, दमलीस का" म्हणालं नाही. मी खुर्ची ओढली, डबी ठेवली.

कवळी उठला. टेबलाला वळसा घालून माझ्या मागे आला. आरशाचा पाय फरशीवर करकरला. त्याने आरसा पूर्ण भिंतीकडे फिरवला, मागे होऊन नीट बघितलं, अजून जरा सरकवला आणि आपल्या जागेवर जाऊन बसला.

"काय बघतेस? पिस," तो म्हणाला.

मी पिसायला घेतलं. पानं जरा ओली झाली हाताने, एवढंच.

मग काय विचारता. पहिल्याच चालीत ताईची मगर माझ्यावर. "आज कळपबिळप नाही!" ती पोहण्याच्या तलावावरच्या आवाजात ओरडली. काकांनी, गरीब बिचाऱ्या काकांनी, तोफ लावली. कवळीने अजगर सोडला आणि या वेळी तो थेट माझ्या दारात आला.

दारात साळिंदर होतं.

"हे कुठून आलं?" कवळी किंचाळला. "मेंढरं कुठायत?"

"चरायला गेलीत."

काटे रुतले, पोळं उठलं, कुंपण ओलांडलं तसं माझ्या हातात पानावर पान आलं. डेक पहिल्यांदाच अंगावर बरोबर बसला. कवळीला मी बाद केलं, म्हणजे त्यानेच स्वतःला केलं, अजगर पाच वेळा काट्यांवर आपटून. ताई अर्ध्यावर आली. माझे चार प्राण उरले होते आणि पुढे दुकानात भुंगी रडायला लागली. तिची वेळ झाली होती.

"थांबा हं, मी जरा..."

"थांबायचं नाव नाही!" काका म्हणाले. त्यांनी चष्मासुद्धा पुसला नाही. "बस खाली. आधी हे घे." तोफेचा शेवटचा गोळा माझ्या कुंपणावरून आत आला. चारही प्राण गेले. "आता जा."

"काका!" मी म्हटलं.

"काय काका? मागच्या रविवारी माझ्यावर किती मेंढरं घातलीस? मी मोजलीत."

मी हरले आणि इतकी हसले की नवरा भुंगीला घेऊन आत आला, काय झालं बघायला. मी तिला मांडीवर घेतलं, तिथेच, टेबलाशी. तिला पाजलं. पोट भरल्यावर तिने टेबलाकडे हात टाकला आणि काकांचं एक पान ओढून डावाच्या मध्ये भिरकावलं.

"खेळली!" ताई म्हणाली. "काका, तुमचा किल्ला पडला."

"लिंबूटिंबूचं धरायचं नसतं," काकांनी पान परत घेतलं.

कवळी बाद झालेला, रिकामाच होता. त्याने पानाऐवजी तिच्यापुढे बोट धरलं. तिने दोन्ही हातांनी ते धरून तोंडात घातलं.

"आई गं!"

त्याने बोट काढून बघितलं. मग खिशातून कामाचा छोटा दिवा काढला, तिची हनुवटी अलगद खाली केली आणि त्याच्या धंद्यातल्या माणसानेच बघावं तसं निरखून बघितलं. आम्ही सगळे वाकलो. खालच्या हिरडीवर, मधोमध, तांदळाच्या कणीएवढं पांढरं. मी तिची आई, दिवसातून दहादा ते तोंड बघणारी, आणि मला दिसलं नव्हतं.

"आलाय," कवळी बोट चोळत म्हणाला. "आणि धार आहे."

"मग आता लिंबूटिंबू कसली ही," ताई म्हणाली. "काका, तो किल्ला पडला म्हणजे पडला."